मालवणात शेवंड खायचीये! कुठून घ्यायची, जिवंत कशी ओळखायची, कितीला पडेल?

कोथरूडचा_बोका

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

तर मी, बायको, आई-बाबा आणि सहा वर्षांची लेक असे डिसेंबरात तारकर्लीला चाललोय. आईचं मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारचं उद्यापन झालं की शुक्रवारी पहाटे गाडी काढायची. त्यात शुक्रवारी अमावस्या, म्हणून आईची एकदा कुरकुर करून झालीये, पण होमस्टेचे पैसे भरलेत तेव्हा देवाने समजून घ्यावं असं घरात ठरलंय. सोमवारी परत.

सुरमई, बांगडा, तिसऱ्या हे सगळं होईलच, त्यासाठी धागा नाही काढला. मला खायचीये शेवंड, म्हणजे लॉबस्टर. आजवर एकदाच खाल्लीये, मित्राच्या लग्नाच्या पार्टीत, मोठ्या हॉटेलात, आणि ती इतक्या चीज आणि क्रीममध्ये बुडवलेली होती की पनीर आहे म्हणून सांगितलं असतं तरी मान डोलावली असती. त्यामुळे ह्यावेळी समुद्राजवळ जाऊन, डोळ्यासमोर हलणारी घेऊन, साधी करून खायची असं डोक्यात आहे.

आता प्रश्न. मालवणात ती मिळते कुठे, बाजारात की बंदरावर? लिलावात आमच्यासारख्याला बोली लावू देतात का? ताजी कशी ओळखायची? किलोला काय भाव समजायचा आणि पाच जणांना किती लागेल? होमस्टेवाले करून देतील का? बाबा म्हणतायत की आणा तर खरं, कापायचं काम माझं, मी कॉलेजात झुरळं कापलीयेत. (बाबा बीएस्सी झूलॉजी, १९७८. त्यानंतर बँकेत.)

दांडीकर

बोकासाहेब, पहिल्यांदा एक करा, बंदरावर लॉबस्टर हा शब्द काढू नका, शेवंड म्हणा. लॉबस्टर म्हटलं की भाव तिथेच दोनशेने चढतो, मस्करी नाही करत.

मी मालवणचाच, सध्या नोकरीसाठी ठाण्यात, पण घर दांडीवर आणि चुलतभावाची पात (छोटी होडी) आहे, त्यामुळे ऐकीव सांगत नाही. सकाळी मासळी बाजारात शेवंड दिसेलच असं नाही, बहुतेकदा दिसणारच नाही. कारण सोपं आहे, जाळ्यात शेवंड आली की ती बाजारात जायच्या आधी एजंटकडे जाते. अर्धा किलोच्या वरची जिवंत शेवंड म्हणजे रोख पैसा, ती गोव्याच्या आणि मुंबईच्या हॉटेलांत जाते, बाहेरदेशी पण जाते. मेलेली असली की भाव धाडकन निम्म्यावर येतो म्हणून पोरं ती जिवापाड सांभाळतात, ओल्या गोणपाटात गुंडाळून आणतात, कोणी कोणी जाळीच्या पिशवीत घालून खाडीच्या पाण्यात बांधून ठेवतात. आमच्या घरात समुद्रावरची तीन पिढ्यांची माणसं, पण शेवंड ताटात यायची ती पाय तुटलेली किंवा मेलेली, धड असेल ती विकायची. आजीचं वाक्य ठरलेलं, "ती खाण्याची न्हय, ती शाळेच्या फीची."

तर तुम्ही काय करायचं. संध्याकाळी चारच्या पुढे बंदरावर होड्या लागतात तेव्हा लिलाव असतो, तो बघायला जा, बघण्यासारखाच असतो, पण बोलीच्या भानगडीत पडू नका. तिथे टोपल्या आणि ढीग उठतात, घेणारे रोजचे असतात, त्यांचं बोलणं अर्धं डोळ्यांनी चालतं. लिलावात घेऊन तिथेच बाजूला बसून विकणाऱ्या बायका असतात त्यांच्याकडे विचारा. आणि त्याहून बरं म्हणजे होमस्टेवाल्याला दोन दिवस आधी फोन करून सांगून ठेवा की शेवंड व्हयी, बारकी चालेल पण जिती. देवबाग-तारकर्लीत घराआड कोणी ना कोणी दर्यावर जाणारा असतोच. तो परस्पर आणून देईल, एजंटच्या भावापेक्षा तुम्ही शंभर-दोनशे जास्त दिलेत तरी हॉटेलपेक्षा निम्म्यात पडेल.

भाव रोज बदलतो. गेल्या महिन्यात पाहुण्यांसाठी मी घेतली ती १,६०० ने. नाताळच्या आठवड्यात काय होईल ते रामेश्वरालाच ठाऊक. तुम्ही त्याच्या आधी येताय ते बरं आणि अमावस्या म्हणजे तर अजून बरं, आईंना सांगा. शेवंड रात्री बिळातून बाहेर पडते, चांदणं लख्ख असलं की कमी लागते, काळोखात बरी लागते असा आमच्याकडचा अनुभव.

आणि खडपातली, म्हणजे खडकाळ तळावरची मागा. चिखलातली पण चालते पण खडपातल्या शेवंडीची गोडी वेगळी. ह्यावर माझं भांडण झालं तरी चालेल.

अंधेरी_लोकल

धागा बघून जखम उघडी झाली राव.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, तारकर्लीच्याच रस्त्यावरचं एक हॉटेल, नाव घेत नाही. बाहेर फळ्यावर लिहिलेलं लाइव्ह लॉबस्टर, भाव साइझप्रमाणे. आत टबात तीन-चार होत्या, मालकाने एक उचलून दाखवली, चांगली फडफडत होती, शेपटी आपटली तर पाणी माझ्या चष्म्यावर. मी म्हटलं हीच. आता मला आधीच एका मित्राने सांगून ठेवलेलं की खूण करून ठेव, म्हणून मी कौतुकाने हातात घ्यायचं नाटक केलं आणि तिच्या डाव्या मिशीचं टोक इंचभर मोडलं. पाऊण तासाने ताट आलं. वर कोथिंबीर, लिंबू, बटर, सगळा थाट. आणि दोन्ही मिशा अखंड! अगदी टोकापर्यंत. मास तर असं पिठूळ की काट्याने उचललं तर सांडतंय, आणि मागून हलका फिनेलसारखा वास. मी मालकाला विचारलं तर म्हणतो सर शिजल्यावर मिशी वाढते.

वाढते!!

बिल ४,८०० एका शेवंडीचं. वजन विचारलं तर मघाशी केलं होतं म्हणे, आम्ही नव्हतो. बायको म्हणाली चल, भांडू नकोस, पोरं झोपलीत गाडीत. दिले आणि निघालो. तेव्हापासून आमच्या घरात कोणी थाप मारली की म्हणायचं, शिजल्यावर मिशी वाढते.

मुद्दा असा की हॉटेलात घेतलीत तर वजन तुमच्या डोळ्यासमोर, भाव किलोचा की नगाचा ते आधी बोलून आणि शक्य असेल तर स्वयंपाकघरात मागे मागे जायचं. लाज सोडायची.

खारं_पाणी

अंधेरी_लोकल, तुम्हाला मिळाली ती आधीच मेलेली होती, फिनेलचा वास म्हणताय तो अमोनियाचा. शेवंड मेली की तिच्या डोक्यातल्या पाचक ग्रंथीतले रस शेपटीच्या मासाकडे सरकतात आणि मास आतल्या आत विरघळायला लागतं, म्हणून पिठूळ. मासे बर्फात दोन दिवस टिकतात तसं हिचं नाही. एकतर जिवंत हवी, नाहीतर मेल्या मेल्या लगेच डोकं वेगळं करून शेपटी बर्फात गेलेली हवी.

जिवंतपणा कसा बघायचा ते सांगतो, समुद्री जीवशास्त्र शिकलोय म्हणून थोडं लांबेल. पाठीवरून, म्हणजे डोक्याच्या कवचाला धरून उचला, हातात फडकं घ्या कारण काटे असतात. ताजी असेल तर शेपटी पोटाखाली जोरात आवळून घेते आणि पाय चालवत राहते. शेपटी लोंबली की सोडून द्या. कधी कधी करकर असा आवाज येतो, मिशांच्या बुडाशी घासून काढते ती, दारं वाजल्यासारखा, तो आला की समजा तब्येत उत्तम. कवच दाबून बघा, मऊ लागलं तर नुकतीच कात टाकलेली आहे, आत मास कमी आणि पाणी जास्त.

आणखी एक गैरसमज. परदेशी सिनेमात दिसतात त्या मोठ्या नांग्या आपल्याकडच्या शेवंडीला नसतातच. ते थंड पाण्यातलं वेगळं जनावर. आपली उष्ण समुद्रातली, काटेरी, लांब मिशांची, खाण्याचं मास जवळपास सगळं शेपटीत. म्हणजे हिशेब असा करा, एक किलो जिवंत शेवंडीतून तीनशे ते साडेतीनशे ग्रॅम मास. बाकी कवच, डोकं आणि मिशा. भाव विचारताना तिप्पट करून ऐका.

आता माझं खरं सांगणं. पोटाखाली नारिंगी किंवा तपकिरी दाण्यांचा घोस चिकटलेला दिसला तर ती अंडीवाली मादी, घेऊ नका, तोंडाने सांगा की ही नको. एकेकीजवळ लाखांनी अंडी असतात आणि त्यातून निघालेली पिल्लं पारदर्शक पानासारखी महिनोन्‌महिने समुद्रात तरंगत राहतात, त्यातलं वाचतं किती ते देवालाच माहीत. मुंबईच्या समुद्रात चपट्या शेवंडीची, जिला सँड लॉबस्टर म्हणतात तिची, भरपूर पकड व्हायची, आणि १९९४ पर्यंत ती पकड पार बसली. कारण तेच, ट्रॉलरच्या ओढत्या जाळ्यांत अंडीवाल्या माद्या सरसकट उचलल्या गेल्या. केंद्र सरकारने २००३ मध्ये निर्यातीसाठी किमान वजनं ठरवली, चिखलातली ३०० ग्रॅम, खडपातली जी साधारण मिळते ती २०० ग्रॅम, मोठी रंगीत जातीची ५०० ग्रॅम, आणि चपटी १५० ग्रॅम. निर्यातीचा नियम आहे, पण आपण खातानाही तोच धरला तर कोणाचं काय जातंय? फार बारकी पिल्लं घेऊ नका. पण हेही खरं की सगळ्यात मोठी घ्यायच्या नादात पण पडू नका, साडेतीनशे-चारशे ग्रॅमची सगळ्यात चविष्ट, किलोची झाली की मासाचे धागे जाड होतात.

ता.क. लेकीने आधी कोलंबी-खेकडा खाल्लाय ना? ज्याला कोलंबीने अंगावर पित्त उठतं त्याला शेवंडीनेही उठण्याची दाट शक्यता असते.

वाटपवाली_वहिनी

सगळं वाचलं. कोणी करायची कशी ते सांगेना आणि तो बोका "साधी करून" म्हणतोय म्हणजे लसूण-बटर करणार हे दिसतंयच. अहो एवढं मालवणला जायचं आणि बटर खायचं? बटर काय कोथरूडला मिळत नाही?

माझ्या सासूबाई वेंगुर्ल्याच्या. त्या शेवंडीचं सुकं करायच्या ते असं. शेपटीचे कवचासकट तीन तीन तुकडे, हळद-मीठ आणि आगळ (कोकमाचा रस) लावून दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही. कांदा-खोबरं चुलीवर भाजून वाटप, त्यात धणे, मिरी, लवंग, संकेश्वरी मिरच्या. कांदा परतून वाटप घालून तेल सुटेस्तोवर परतायचं, मसाला पूर्ण तयार झाल्यावरच शेवंड टाकायची, ही गोष्ट लिहून घ्या, आधी टाकलीत की रबर. झाकण ठेवून सात-आठ मिनिटं. वड्यांबरोबर खायची. सोबत सोलकढी.

तिरफळ नको ह्याला, तिरफळ बांगड्याला. कोणी काही म्हणो.

दांडीकर

वहिनी, पाया पडतो पण ह्यात तुमच्याशी जमायचं नाही. कांदा-खोबऱ्याचं भाजलेलं वाटप मोरी माशाला घाला, कोंबड्याला घाला, ते कशालाही आपल्यासारखं करून सोडतं. दोन हजार रुपये किलोची वस्तू मसाल्यात घालून मग आत कोलंबी आहे की शेवंड हे विचारत बसायचं काय?

आमच्याकडे विस्तवावर. मधोमध उभी चिरायची, मीठ, चिमूटभर हळद, दोन पाकळ्या लसूण ठेचून, आगळाचे चार थेंब आणि खोबरेल, लाकडी घाण्याचं. करवंट्या आणि नारळाची सोडणं पेटवून निखारे झाले की आधी कवचाची बाजू खाली, चार-पाच मिनिटं, मास पांढरं व्हायला लागलं की दोन मिनिटं उलटी. झालं. कवच लाल झालं म्हणून शिजली समजू नका, लाल लगेच होतं, मास काचेसारखं दिसायचं थांबलं की उतरवायची.

पण डोकी फेकायची नाहीत. डोकी आणि पाय ठेचून त्याचं पातळ कालवण करा, तिथे घाला तुमचं वाटप, तिथे शोभतं. तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार.

वाटपवाली_वहिनी

सासूबाई जाऊन अकरा वर्षं झाली. नमस्कार पोचवते. डोक्यांच्या कालवणाबद्दल मात्र बरोबर बोललात, ते त्याही करायच्या, आणि त्यात तिरफळ असायचं. म्हणजे दोन ठेचून. बरं.

झोळीवाला

मालवण सोडून थोडं बाहेरचं सांगतो कोणाला उपयोग झाला तर, आजकाल निम्मं पुणं व्हिएतनामला जातंय म्हणून.

आम्ही न्हा त्रांगला होतो चार दिवस. तिथे शेवंडीला तोम हुम म्हणतात, आणि ती समुद्रातून धरलेली कमी, पिंजऱ्यात वाढवलेली जास्त, त्या खान होआ प्रांताच्या किनाऱ्याला वान फाँगच्या खाडीत तरंगत्या पिंजऱ्यांच्या रांगाच रांगा दिसतात. बोटवाल्याने सांगितलं की पिल्लं समुद्रातूनच धरून आणतात आणि मग पिंजऱ्यात मोठी करतात. दोन जाती मिळतात, हिरवट ती तोम हुम सान्ह, स्वस्त, आणि ठिपक्यांची मोठी ती तोम हुम बाँग, तिच्या वाटेला आम्ही गेलो नाही.

रस्त्यावरच्या हॉटेलांत टाक्या असतात, आपण बोट दाखवायचं, ते जाळीने काढतात. इथे गंमत बघा, पहिल्या ठिकाणी त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत पाण्यासकट घालून वजन केलं, ८५० ग्रॅम. मी खूण करून म्हटलं पाणी काढ, तर हसला आणि काढलं, ६९० ग्रॅम! दीडशे ग्रॅम नुसतं पाणी शेवंडीच्या भावाने. तो काही ओशाळला वगैरे नाही, पकडलंस तर पकडलंस असा चेहरा. आपल्या भाजीवाल्याची आठवण आली. नंतर कांद्याची पात तेलात परतून वरून ओतलेली भाजकी शेवंड दिली ती मात्र काय सांगू. दुसऱ्या दिवशी चीजवाली घेतली, चूक केली.

भाव तिथे कधी किलोला कधी शंभर ग्रॅमला लिहितात आणि त्यांचे शून्य इतके असतात की आधी मोबाइलवर आकडा टाइप करून घ्या मगच हो म्हणा.

ह्यूस्टनचा_नाना

झोळीवाल्याला जोडून एकच. आम्ही मध्य अमेरिकेतल्या बेलीझला के कॉकर नावाच्या बेटावर गेलो एप्रिलमध्ये, खास लॉबस्टरसाठी, विमानाची तिकिटं काढून. तिथे मार्च ते जून लॉबस्टर धरायला बंदी. पूर्ण बेटावर मेनूकार्डावर त्या ओळीवर पट्टी चिकटवलेली. जुलैत मोसम उघडला की मोठा लॉबस्टरफेस्ट करतात म्हणे. आम्ही चार दिवस चिकन खाल्लं. मोसम बघून जा रे बाबांनो.

खारं_पाणी

नाना :)

आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते. त्या काळात कोणी ताजी लॉबस्टर म्हणून वाढली तर ती बहुतेक फ्रीजरमधली. ऑगस्टपासून पुढे मेपर्यंत बघायला हरकत नाही.

अजून एक राहिलं, बाबा कापणार म्हणताहेत म्हणून. जिवंत शेवंड तशीच उकळत्या पाण्यात टाकू नका, स्वित्झर्लंडने तर २०१८ पासून त्यावर बंदीच घातलीये. अर्धा तास बर्फाच्या चुऱ्यात ठेवायची, पिशवीत घालून, कारण वितळलेलं गोडं पाणी तिला चालत नाही. सुन्न पडली की मग डोक्याच्या मधोमध टोकदार सुरी एका दमात खाली. तिलाही त्रास कमी आणि मासही आखडत नाही.

कोथरूडचा_बोका

आलो मंडळी, जाऊन आलो! धाग्याचे उपकार आहेत म्हणून सविस्तर लिहितो, ऑफिसात आहे, मध्ये मध्ये तुटेल.

दांडीकर म्हणाले तसं होमस्टेच्या काकींना बुधवारीच फोन करून ठेवलेला. त्या म्हणाल्या बघूया, मिळाली तर मिळाली. शुक्रवारी पोचलो तर काही नव्हती. शनिवारी सकाळी किनाऱ्यावर रापण (काठावरून ओढायचं मोठं जाळं) ओढत होते, लेकीनेही दोरीला हात लावून घेतला, त्यात बांगडे आणि काय काय चिल्लर मासे आले, शेवंड नाही. मी जरा हिरमुसलोच. मग संध्याकाळी सगळे बंदरावर गेलो. लिलाव म्हणजे काय असतो ते पाहिलं, माणूस ढिगाजवळ उभा राहून आकडा ओरडतोय आणि कोणी नुसती भुवई उडवली की ढीग त्याचा. मी डोकं खाजवायला हात वर केला तर बायकोने खाली ओढला.

बाजूला एक मावशी बसलेल्या, समोर सुरमई आणि मागे ओलं गोणपाट. मी शेवंड म्हटलं (लॉबस्टर नाही म्हटलं!) तर त्यांनी वर बघितलं, "खयचे तुमी?" पुणे म्हटल्यावर गोणपाट उचललं. पाच होत्या. काळपट हिरव्या, पायांवर फिक्या रेघा, आणि मिशा म्हणजे अंगाच्या दीडपट. मी फडकं घेऊनच गेलेलो, पाठीवरून उचलली तर काय ताकद हो, शेपटी अशी फाडकन आवळली की माझ्या हातून सुटणारच होती, आणि तो करकर आवाज! खारं_पाणी, अगदी म्हणालात तसा, गंजलेल्या बिजागरीचा. लेक दोन पावलं मागे, बाबा चार पावलं मागे.

एक मोठी होती, पाऊण किलोची तरी असेल, मी तिच्याकडे बघतोय म्हटल्यावर मावशीच म्हणाल्या, "ती नको, बारकी घेवा, गोडी बारक्यातच आसता." आता हे खरं की ती मोठी एजंटसाठी ठेवलेली होती ते मला माहीत नाही पण तुमचंही तेच मत होतं म्हणून ऐकलं. एकीच्या पोटाखाली नारिंगी घोस दिसला, मी म्हटलं ही नको, अंडी आहेत. मावशींनी काही न बोलता ती बाजूला ठेवली. त्याचं पुढे काय झालं असेल ते न विचारलेलं बरं. उरलेल्या तीन घेतल्या, काट्यावर डोळ्यांसमोर, १ किलो १५० ग्रॅम. १,८०० सांगितले, बायकोने १,७०० केले, १,९५५ झाले, १,९५० दिले.

आता कापाकापी. बर्फात अर्धा तास ठेवल्या. काकींनी विळी आणि सुरी आणून ठेवली आणि बाबांकडे बघितलं, कारण बाबा दुपारपासून सगळ्यांना सांगत होते की त्यात काय, मी कापतो. बाबांनी पिशवी उघडली, एका शेवंडीने एक पाय हलवला, फक्त एक, आणि बाबांना फोन आला. तारकर्लीत त्या घरात आमच्यापैकी कोणाच्याच मोबाइलला रेंज नव्हती. पण त्यांना आला. ते बोलत बोलत समुद्राकडे गेले ते वास सुटल्यावरच परत आले.

शेवटी काकींनी केलं सगळं, तीनही मिळून दहा मिनिटांत. एक गोष्ट पाहिली ती इथे कोणी लिहिली नाही म्हणून सांगतो. डोकं आणि शेपटी वेगळी केल्यावर त्यांनी शेवंडीची स्वतःचीच मिशी मोडून घेतली, तिचं बुडाकडचं जाड टोक शेपटीच्या मागच्या भोकात घातलं, एक पीळ दिला आणि ओढलं, तर आतला काळा दोरा अख्खाच्या अख्खा मिशीच्या बारीक काट्यांना गुंडाळून बाहेर! सुरी नाही, चीर नाही, काही नाही. अंधेरी_लोकल, मिशीचा हा खरा उपयोग.

मग भांडण. मी आणि दांडीकर एका बाजूला, आई आणि वहिनी दुसऱ्या बाजूला (म्हणजे धागा वाचून दाखवलेला मी आईला, तिथेच चूक झाली). काकींनी तोडगा काढला, दोन विस्तवावर, एकीचं सुकं. विस्तवावरची पहिल्यांदा आली, आगळाची जराशी आंबट कड आणि मास असं की दाताखाली आधी टणकतं मग सुटतं, आणि गोड, मला वाटायचं गोड म्हणजे लोक उगाच म्हणतात, पण खरंच नारळाच्या मलईसारखं गोड. वाटणीला चार-चार घास आले. लेकीने दोन खाल्ले (कोलंबी चालते तिला, आधी विचारून घेतलं होतं) आणि तिसऱ्याला म्हणाली मला मॅगी. सुकंही उत्तम होतं पण दांडीकर, तुमचं पटलं, मसाला चांगला लागला, शेवंड शोधावी लागली. आईचं मत उलट आहे आणि ते तिने घरी येईपर्यंत गाडीत सांगितलं.

पण खरी मजा पुढे. डोकी ठेवलेली, रविवारी सकाळी काकींनी ठेचून कालवण केलं आणि गरम घावणे. पातळ, तांबूस, वर तेलाची बारीक चकाकी, तिरफळाचे दोन दाणे. शेवंडीचा सगळा वास त्या रश्श्यात उतरलेला. बाबांनी पाच घावणे खाल्ले. एकही शब्द न बोलता. मी विचारलं फोन कोणाचा होता काल, तर म्हणाले बँकेतला जुना माणूस.

खर्च: शेवंड १,९५०, काकींनी करण्याचे ५०० घेतले, एकूण २,४५०. पाच जणांत. महाग आहे का, आहे. अंधेरी_लोकलच्या बिलाच्या साधारण निम्मं.

एक शेवटचा प्रश्न बाबांच्या वतीने. पुढच्या वेळी येताना दोन जिवंत शेवंडी पुण्याला आणता येतील का? आठ-नऊ तासांचा रस्ता. त्यांना सोसायटीतल्या मित्रांना खाऊ घालायच्यात.

दांडीकर

येतील की. ओल्या गोणपाटात नाहीतर समुद्राच्या पाण्यात भिजवलेल्या वर्तमानपत्रात गुंडाळा, थर्मोकोलच्या खोक्यात बाजूला बर्फाची बंद बाटली, गोडं पाणी लागू द्यायचं नाही, गाडीत एसी. पहाटे निघालात तर दुपारपर्यंत जित्या पोचतील.

पण कापतलो कोण?

कोथरूडचा_बोका

बाबांना वाचून दाखवलं. त्यांना फोन आलाय.